बक्कल नंबर

शुक्रवारचा बाजार. चोरिसांच्या माळा
आणि मिरच्यांचे ढीग यांच्यामधून वाट काढत
तो माझ्या टेबलापाशी आला,
हेल्मेट पोटाशी धरून, आत अंडी असल्यासारखं.

मी म्हापशाला मामलेदार कचेरीच्या जिन्याखाली बसते.
टायपरायटर गेला. आता लॅपटॉप, आणि एक प्रिंटर
जो दमट हवेत कागद गिळतो.
जन्मदाखले, वारसा, घरपट्टी.
पोलिसाविरुद्ध तक्रार वर्षाकाठी एखादी,
तीही लोक सही न करता
"घरी विचारतो" म्हणून घेऊन जातात.

"बाय, एक कागद बरोवपाचो आसा."
नाव कायतान मिनेझिस, राहणार अस्नोडा, वय एकावन्न,
धंदा पायलट
(विमानाचा नव्हे, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलचा;
वरच्या साहेबांसाठी हे लिहावं लागतं).

काय झालं?
"म्हाका थापट मारलें."
तो थांबला. त्याच्या मते अर्ज संपला होता.

तारीख सांगा. मंगळवार.
वेळ? पोदेराचा भोंगा नुकताच वाजून गेलेला.
मी लिहिलं, सायंकाळी अंदाजे सव्वासहा.
अंदाजे हा शब्द मी फुकट देते.

हात उजवा की डावा?
त्याने स्वतःचा हात हवेत फिरवून पाहिला,
मग दुसरा.
मागे नंबर लावून उभी असलेली बाई दचकून सरकली.
"डावा. डावखुरोच तो. ल्हानपणासावन."

लहानपणापासून?

मग हळूहळू निघालं.
शाळेत यानेच सोडायचं, पुढे टाकीवर बसवून.
पोलीस भरतीच्या दिवशी पहाटे चारला
पणजीच्या मैदानावर यानेच नेलं. भाडं घेतलं नाही.
परवा स्टँडवर तो साहेबाबरोबर उभा होता,
कागदपत्रं दाखव म्हणाला,
आणि हा हसून बोलून गेला,
"कितें रे शाणू, जेवलो?"

सगळ्यांच्या देखत शाणू.

मी विचारलं, बक्कल नंबर?
याला त्याच्या आजीचं माहेर ठाऊक,
त्याच्या कुत्र्याचं नाव ठाऊक,
गालावरचा व्रण कुठल्या काजूच्या झाडावरून पडल्याचा तेही.
नंबर ठाऊक नाही.
कधी बघायची वेळच आली नव्हती.
मी लिहिलं, अर्जदार त्यास ओळखतो.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

तो कोकणीत सांगतो, मी मराठीत लिहिते,
पणजीला कुणीतरी त्याचं इंग्रजी करील.
प्रत्येक नाक्यावर तो फटका थोडा थोडा मऊ होतो:
थापट, चपराक, गैरवर्तन.
म्हणून एका ठिकाणी मी त्याचाच शब्द
अवतरणात ठेवला. राहू दे.

आता मागणी. निलंबन? भरपाई?
तो कितीतरी वेळ प्रिंटरकडे बघत राहिला.
"ताकायय कोणें तरी अशें बसोवन विचारूंक जाय.
तारीख खंयची. वेळ कितली. हात खंयचो."

मी लिहिलं, योग्य ती चौकशी व्हावी.
वीस वर्षं हे वाक्य मी
तळाशी ठोकत आले, खिळा ठोकावा तसं.
आज पहिल्यांदा त्याला काही टांगलेलं दिसलं.

इथल्या ठाण्यात देऊ नका, म्हटलं,
पोच द्यायला कदाचित तोच बसलेला असेल.
पणजीला तक्रार प्राधिकरण आहे, तिथं जा.
प्रतिज्ञापत्र जोडा. नोटरी हुमण-शीत जेवायला गेलाय,
तीनला येईल, झोप लागली तर साडेतीन.
एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर शिक्का, तारीख, सही.
शिक्का नसेल तर त्या कागदात
पाव बांधून आणायचे, बाकी उपयोग नाही.

त्याने सही केली. घरी विचारतो म्हणाला नाही.
पावणेचारला मी जिन्याखालून पाहिलं:
घड्या शर्टाच्या आत, बटण वरपर्यंत लावलेलं,
किक मारतोय, एकदा, दोनदा.
हातात वालीच्या जुड्या घेतलेली बाई धावत आली,
"पर्वरी वतलो?"
"बस," म्हणाला, "वाटेरच आसा,"
आणि जास्तीचं हेल्मेट तिच्यापुढे धरलं.